मढ (मठ), पाटण येथील

खानदेशातील मध्ययुगीन विद्यास्थान, आणि त्यासाठी पाटणच्या शिलालेखात आलेला शब्द. आज मठ म्हटले की संन्याशांची वस्ती आठवते. अमरकोशात मात्र 'मठश्छात्रादिनिलयः' असे आहे, म्हणजे मठ हे छात्रांचे घर. पाटणच्या लेखाला हाच अर्थ लागू पडतो.

पाटण (पाटणे) चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने येथे मठ स्थापला. यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्यास दाने दिली. लेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला व पुढे जर्मन संस्कृतपंडित कीलहॉर्न यांनी पुन्हा संपादिला. त्यात शके ११२८ असल्याने काही जण इ.स. १२०६ धरतात; परंतु लेखातील प्रभव संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातील एका वर्षाचे नाव) आणि श्रावणी पौर्णिमेचे चंद्रग्रहण यांचा मेळ ९ ऑगस्ट १२०७ शी बसतो. तीच तिथी अधिक ग्राह्य वाटते.

अध्यापनासाठी लेखात 'व्याख्येय' हा शब्द आहे. सिद्धांतशिरोमणी आदी भास्करकृत ग्रंथ आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ 'मन्मठे', माझ्या मठात, व्याख्यान करून शिकवावेत, असा चांगदेवाचा दंडक होता. शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्याचे मोल फार मोठे आहे. बाजारात येणाऱ्या केण्यावरचा, म्हणजे विक्रीच्या मालावरचा, राउळाचा, म्हणजे राजाचा, वाटा 'मढा दीन्हला' (मढाला दिला); चालत्या घाण्यांकडून 'पली पली' (एकेक पळी) तेलही मढास. गणित-ज्योतिषाची ही शाळा गावच्या बाजारपेठेने पोसली.

भास्कराचार्यांच्या (जन्म शके १०३६) गावाचा वाद याच लेखाशी जोडला जातो. ते स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे 'विज्जडविड' सांगतात. हे गाव विजापूर, बीड की पाटणच्या परिसरातले, याविषयी मतभेद आहेत. विजापूर सह्याद्रीपासून दूर पडते. लेखात चांगदेवाचा पिता लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालाने 'पुरादतः' (पुरात् अतः, म्हणजे 'या नगरातून') नेले, असे आहे. 'अतः'चा अर्थ 'म्हणून' असाही होतो. पण लक्ष्मीधर सर्वशास्त्रांत निपुण 'इति मत्वा' (असे मानून) नेला, असे कारण श्लोकात आधीच आले आहे. तेव्हा 'या नगरातून' हाच अन्वय सरळ दिसतो, आणि किमान लक्ष्मीधराचे वास्तव्य तरी पाटणला होते, असे म्हणता येते.

खानदेशच्या अहिराणी बोलीत ळचा य होत असल्याने या भागात शाळेस आज 'शाया' म्हणतात.