ढोलाची लय चढते, तेव्हा डीजेचा प्लेअर काय मोजतो?

नाशकात डीजेचं काम करणारी मुलं एकत्र आली की लग्नसराईच्या तोंडावर एक वाद हमखास रंगतो. पायोनियर घ्यायचा की डेनॉन? दोन प्लेअर आणि एक मिक्सर असा संच लाखांच्या घरात जातो, त्यामुळे हा वाद पोटतिडकीने होतो आणि तो व्हायलाच हवा. पण बोलणं बहुतेक वेळा स्क्रीनपाशी येऊन अडतं. पायोनियरच्या सीडीजे-३००० चा स्क्रीन ९ इंची, डेनॉनच्या एससी६००० चा १०.१ इंची. हॉट क्यू, म्हणजे गाण्यातल्या ठरवलेल्या जागी थेट उडी मारायची बटणं, यातही आठ, त्यातही आठ. अशा तुलनेतून फारसं काही हाती लागत नाही. गाण्याचा ठेका कोण मोजतं, कधी मोजतं आणि मोजलेलं कुठे, कसं लिहून ठेवतं, यात खरा फरक आहे. ज्या शहराच्या नावाने अख्खा महाराष्ट्र एक ढोल ओळखतो, तिथे तर हा फरक सगळ्यात आधी तपासावा.

थोडं मागे जाऊ. १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर ठेका मोजायचं काम संपूर्णपणे डीजेच्या कानाचं होतं. एका कानाला हेडफोन, दुसरा स्पीकरकडे आणि बोट तबकडीच्या कडेला. २००१ साली पायोनियरच्या सीडीजे-१००० ने सीडीवरचं गाणंही तबकडीसारखं हाताने धरता आणि मागे-पुढे फिरवता येईल अशी सोय केली, पण ठेका जुळवणं कानाकडेच राहिलं. खरा बदल २००९ साली झाला. सीडीजे-२००० सोबत रेकॉर्डबॉक्स हे सॉफ्टवेअर आलं. गाणी घरीच लॅपटॉपवर तपासायची, ठेक्याच्या खुणा पेनड्राइव्हवर लिहायच्या आणि कार्यक्रमाला फक्त पेनड्राइव्ह घेऊन जायचं. पुढे २०१७ साली डेनॉनच्या एससी५००० प्राइमने ही तपासणी प्लेअरच्या पोटातच आणली. न तपासलेली गाणी भरलेला पेनड्राइव्ह लावला तरी यंत्र स्वतः मोजणी करून घेतं. त्याच्या जोडीचं सॉफ्टवेअर म्हणजे आजचं एंजिन डीजे. पायोनियरचे नवे प्लेअरही अनोळखी गाणं लोड होताना मोजतात, पण त्यांची सगळी मांडणी ‘तयारी घरी झालेली आहे’ असं धरूनच केलेली आहे.

ही मोजणी होते कशी?

सॉफ्टवेअर गाण्याचे अगदी छोटे तुकडे पाडतं, साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे. प्रत्येक तुकड्यात खर्ज, मध्य आणि तार भागात किती ऊर्जा आहे हे फूरियरच्या गणिताने काढतं आणि आधीच्या तुकड्यापेक्षा ती एकदम कुठे वाढली ते टिपतं. ढोलावर टिपरू पडलं की खर्जात उसळी येते, झांज वाजली की तारात. या उसळ्यांचा एक आलेख तयार होतो. मग त्या आलेखाची नक्कल ट्रेसिंग पेपरवर काढून मूळ आलेखावर सरकवत न्यावी, तसं गणित चालतं. किती सरकवल्यावर टोकावर टोक बसतं? अर्ध्या सेकंदावर बसत असेल, तर मिनिटाला १२० ठोके. हाच बीपीएम.

यात एक पेच आहे. अर्ध्या सेकंदावर जुळणारा आलेख एका सेकंदावरही जुळतो आणि अनेकदा पाव सेकंदावरही. म्हणजे उत्तर ६०, १२० किंवा २४० यांपैकी काहीही निघू शकतं. म्हणूनच दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये बीपीएम कोणत्या मर्यादेत शोधायचा ते आधी ठरवून देता येतं. ताशाच्या झपाट्याच्या काड्या आणि ढोलाचे मोजके ठोके एकत्र असले की यंत्र ताशाच्या मागे लागून दुप्पट आकडा सांगायची शक्यता वाढते. मर्यादा नीट लावली तर ही अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

उरलेली अर्धी अवघड आहे. स्टुडिओत संगणकावर तयार झालेल्या गाण्याची लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असते. अशा गाण्याला दोनच आकडे पुरतात, पहिला ठोका कुठे आहे आणि बीपीएम किती. त्यावरून सगळ्या गाण्यावर समान अंतराच्या रेघांची जाळी, म्हणजे बीटग्रिड, आखता येते. पण वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत ढोलपथक ऐकलेल्या कुणालाही ठाऊक आहे की तिथे लय चढते. ती चढावी म्हणूनच वादक वाजवत असतात.

समजा, पथकाचं तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे. सुरुवातीला लय ११८, शेवटी १२६ आणि मधली चढण एकसारखी. सॉफ्टवेअरने सरासरी काढून १२२ ची एकच जाळी आखली. पहिली रेघ पहिल्या ठोक्यावर बसली. गंमत अशी की शेवटची रेघही शेवटच्या ठोक्यावर बसते, कारण सरासरी बरोबर आहे. पण मधल्या बिंदूवर, दीड मिनिटाला, जाळीने १८३ ठोके मोजलेले असतात आणि ढोलावर पडलेले असतात १८०. पुरे तीन ठोके पुढे. त्याच्या अलीकडे-पलीकडे ही चूक अडीच, दोन, दीड अशी कमी-जास्त होत जाते, म्हणजे रेघ कधी ठोक्यावर असते, कधी दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध. गाण्याचं फक्त डोकं आणि शेपूट तपासून ‘ग्रिड ओके’ म्हणणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. रेघ अशी मधोमध असताना सिंकचं, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवण्याचं, बटण दाबलं की दुसरं गाणं इमानेइतबारे चुकीच्या रेघेवर जाऊन बसतं.

यावर उपाय म्हणून रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाचा दुसरा प्रकार आहे, डायनॅमिक. त्यात लय बदलली तशा रेघाही सरकतात. इथे दोन्ही घराण्यांच्या लिहिण्याच्या पद्धतीतला फरक समोर येतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. हौशी प्रोग्रामर मंडळींनी या फायली उकलून त्यांची रचना सगळ्यांसाठी खुली केली आहे. रेकॉर्डबॉक्स प्रत्येक ठोक्याची वेगळी नोंद ठेवतं: तो ठोका गाण्यात कितव्या मिलिसेकंदाला आहे, तिथला बीपीएम किती आणि चारांपैकी तो कितवा. वरच्या रेकॉर्डिंगमध्ये ३६६ ठोके असतील तर ३६६ नोंदी. एंजिन मात्र मोजक्या ठिकाणी खुंट्या मारतं आणि दोन खुंट्यांमधले ठोके समान अंतरावर आहेत असं धरतं. स्टुडिओतल्या गाण्याला दोन खुंट्या पुरतात. चढत्या लयीच्या गाण्याला खुंट्या वाढवाव्या लागतात, आणि त्या कुठे माराव्यात हे ज्याने ते वादन मन लावून ऐकलंय त्यालाच नेमकं कळतं.

‘चारांपैकी कितवा’ हा शब्दप्रयोग पुन्हा वाचावा. दोन्ही सॉफ्टवेअर चार ठोक्यांचं आवर्तन गृहीत धरतात. केहरवा तालाला ते चालतं, आठ मात्रा चारांत चोख बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रा एकेक मोजल्या तर सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पहिल्यांदा १ वर येते, पुढच्या आवर्तनात ३ वर, मग पुन्हा १ वर. डीजेने ‘१’ पाहून गाणं सोडलं की तीनपैकी दोन वेळा ते समेच्या बाहेर पडणार. इथे एक जुनी युक्ती उपयोगी पडते. बीपीएमचा आकडा तिसऱ्या हिश्श्याला आणायचा, म्हणजे तीन मात्रांचा मिळून एक ठोका. मग दादऱ्याचं आवर्तन दोन ठोक्यांचं होतं, चारांत दोन आवर्तनं मावतात आणि सम कायम विषम रेघेवर राहते. रूपकाच्या सात मात्रांना मात्र अशी पळवाट नाही. तिथे कानावरच भिस्त ठेवायची.

मोजणी जितकी नाजूक, तितकंच ती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात हलवणंही नाजूक. ज्यांनी वर्षानुवर्षं रेकॉर्डबॉक्समध्ये गाणी लावून ठेवली आहेत ते डेनॉन घेताना विचारतात, सगळं परत करावं लागेल का? नाही. एंजिन डीजे रेकॉर्डबॉक्सची, तसंच सेराटो आणि ट्रॅक्टर या दुसऱ्या डीजे सॉफ्टवेअरचीही लायब्ररी आत घेऊ शकतं. पण अशी हलवाहलव केल्यावर काही एमपीथ्री गाण्यांची सगळी जाळी एकदम २६ मिलिसेकंद सरकलेली आढळते. ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. एमपीथ्रीत आवाज ११५२ नमुन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या, डब्यांत भरलेला असतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशोबाने एक डबा २६ मिलिसेकंदांचा. सुरुवातीच्या डब्यात कधी आवाजाऐवजी फाइलचीच माहिती असते. एक सॉफ्टवेअर तो डबा मोजतं, दुसरं गाळतं. गाणं तेच, पण शून्य कुठे धरायचं यावर एकमत नाही. २६ मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण दोन गाण्यांचे ठोके एवढ्या फरकाने वाजले की एकाच ढोलावर दोन टिपऱ्या मागोमाग पडल्यासारखं ऐकू येतं. वेव्ह आणि फ्लॅक फायलींना हा रोग होत नाही. ज्यांना लायब्ररी हलवायची आहे त्यांनी आधी दहा-वीस एमपीथ्री हलवून पाहावीत, मगच बाकीच्यांना हात लावावा.

आता वेग बदलण्याबद्दल. गाणं ६ टक्के जास्त वेगात वाजवलं तर स्वर जवळपास नेमका एका पट्टीने चढतो. गायक पांढरी एकमध्ये गात असेल तर तो काळी एकमध्ये ऐकू येईल. हे टाळायला पायोनियरवर मास्टर टेम्पो आणि डेनॉनवर की लॉक असतो. काम दोघांचं एकच. आवाजाचे एकमेकांवर थोडे चढलेले छोटे तुकडे पाडायचे आणि वेग वाढवायचा तर काही गाळायचे, कमी करायचा तर काही पुन्हा वापरायचे, पण तुकड्याच्या आतली कंपनं तशीच ठेवायची. लांब सुरांना हे छान मानवतं. ताशाच्या काडीला नाही. काडीचा आघात काही मिलिसेकंदांत संपतो. तो तुकड्यांच्या सांध्यावर आला की बोथट होतो किंवा दोनदा उमटतो. म्हणून निव्वळ ढोल-ताशाच्या ट्रॅकवर हे बटण बंद ठेवावं असं माझं ठाम मत आहे. ढोल किंचित चढा-उतरा वाजेल, पण त्याचा ठोसपणा शाबूत राहील. गाणाऱ्याचा आवाज आला की बटण चालू करावं.

प्लेअर विकत घेणाऱ्यापेक्षा तो भाड्याने घेणारे आपल्याकडे जास्त, म्हणून पेनड्राइव्हबद्दल थोडं. तो लॅपटॉपवर उघडून पाहिला तर रेकॉर्डबॉक्सने तयार केलेला सगळा पसारा ‘पायोनियर’ नावाच्या फोल्डरमध्ये दिसतो आणि एंजिनचा ‘एंजिन लायब्ररी’ नावाच्या. दोन्ही फोल्डर एकाच पेनड्राइव्हवर सुखाने नांदू शकतात. जागा थोडी जास्त जाते, पण कार्यक्रमाला कोणता प्लेअर येईल याची काळजी मिटते. डेनॉनचे प्लेअर रेकॉर्डबॉक्सचा पेनड्राइव्हही वाचून घेतात. उलट दिशेने मात्र सीडीजेला एंजिनची लायब्ररी कळत नाही, त्याला फक्त गाण्यांच्या फायली दिसतात. खुणा, प्लेलिस्ट, जाळी काहीच नाही. एकाच कंपनीतही सगळं आलबेल नसतं. २०२३ साली आलेल्या पायोनियरच्याच ओपस-क्वाड या प्लेअर-मिक्सर एकत्र असलेल्या यंत्रासाठी रेकॉर्डबॉक्सने लायब्ररीचा नवा प्रकार आणला, तो जुन्या सीडीजेंना वाचता येत नाही. दोन्ही प्रकार लिहून न्यावे लागतात.

जाळी नीट बसलेली असेल तर संकटातही ती कामी येते. सीडीजे-२००० नेक्ससपासून पुढच्या प्लेअरमध्ये गाणं चालू असताना पेनड्राइव्ह निघाला किंवा जोडणी तुटली, तर यंत्र स्मरणात असलेल्या शेवटच्या काही ठोक्यांचा लूप आपोआप सुरू करतं. मांडव नाचत राहतो आणि डीजेला दुसरं गाणं लावायला वेळ मिळतो. हा लूप ठोक्यांच्या हिशोबाने धरायचा असतो, त्यामुळे जाळी चुकलेली असली तर तोही लंगडतो.

वीज गेली तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. या प्लेअरमध्ये बॅटरी नसते. जनरेटर बदलताना अर्धा सेकंद जरी पुरवठा तुटला, तरी यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. आवाजाच्या भिंतीसाठी जनरेटर घेताना प्लेअर आणि मिक्सरपुरता एक छोटा यूपीएस वेगळा ठेवावा.

भाड्याच्या प्लेअरसाठी पेनड्राइव्ह तयार करताना तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, पण गाण्यांना ती अडचण कधी येत नाही. एक्सफॅट आणि एनटीएफएस जुन्या सीडीजेंना वाचता येत नाहीत. फ्लॅक फायली २०१६ च्या सीडीजे-२००० नेक्सस २ पासून पुढे चालतात, त्याआधीच्या नेक्ससवर नाहीत. म्हणून समोर कोणतं मॉडेल येणार हे विचारूनही कळत नसेल, तर गाणी ३२० च्या एमपीथ्रीत किंवा वेव्हमध्ये न्यावीत आणि पोहोचल्यावर सगळ्यात आधी ढोलाचा ट्रॅक लोड करून मधल्या भागात दोन-चार ठिकाणी रेघ ठोक्यावर बसते आहे का ते पाहावं.