भूक नसलेला मासा

गळाला मासा लागतो तो पोटासाठी, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. आकड्याला गांडूळ टोचा, नाहीतर कणकेची गोळी लावा. मासा भुकेला असला की तोंड घालतो, पोट भरलेलं असलं की ढुंकून बघत नाही. स्कॉटलंडच्या नद्यांमध्ये फेब्रुवारी-मार्चात शिरणारा सॅमन मात्र या हिशेबात कुठेच बसत नाही. समुद्रातून नदीत आला की तो खाणं सोडतो. एखाददुसरा दिवस नव्हे, थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडी घालेपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने. त्याचं पोट चिरलं तर आत काही सापडत नाही, जठरसुद्धा आक्रसलेलं असतं. आणि अशा उपाशी, पण भूक नसलेल्या माशासाठी माणसं कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात दिवसभर उभी राहतात. आकड्यावर आमिष काय, तर दोऱ्याने बांधलेला केसांचा झुपका. त्याला म्हणायचं ‘फ्लाय’. माशीने मासा पकडायचा, आणि ती माशीही खोटी.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हा श्रीमंतांचा चाळा वाटला होता. थोडा आहेच तो. चांगल्या नदीचा एक दिवसाचा परवाना भल्याभल्यांना परवडत नाही. पण या चाळ्याच्या मुळाशी जीवशास्त्राचे दोन सुरेख प्रश्न आहेत. मासा इतक्या लवकर येतो का? आणि खायचंच नाही तर फ्लायला तोंड का लावतो?

आधी एक घोळ मिटवून टाकू. मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून ताटात येतो तो आपला रावस. खाऱ्या पाण्यातला उत्तम मासा, पण सॅमनशी त्याचं नातं नाही. इथे बोलतोय ते रानटी अटलांटिक सॅमनबद्दल. तो जन्मतो गोड्या पाण्यात, ओढ्याच्या तळाशी असलेल्या गोट्यांखाली. दोन-तीन वर्षं तिथेच किडे खात वाढतो आणि जेमतेम वीतभर झाला की एप्रिल-मेमध्ये अंगावर चांदी चढवून समुद्राकडे निघतो. फेरो बेटं, ग्रीनलंडचा पश्चिम किनारा इथवर जाऊन कोळंबीसारखे जीव आणि बारीक मासळी खाऊन फुगतो. कोणी एक हिवाळा काढून परततो, कोणी दोन-तीन. वसंतात येणारे बहुतेक हे दुसऱ्या गटातले असतात: थोराड, चकचकीत, चरबीने भरलेले.

परततो तो आपल्याच नदीत. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या पी. डी. मलॉक यांनी १९०५ मध्ये टे नदीतून समुद्राकडे निघालेल्या हजारो पिल्लांना चांदीची बारीक तार बांधली. पुढच्या वर्षांत तार मिरवणारे मोठे मासे त्याच नदीत सापडले. मासा घर ओळखतो कसा, याचं उत्तर मिळायला आणखी अर्धं शतक गेलं. अमेरिकेत आर्थर हॅस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोहो या पॅसिफिक जातीच्या सॅमनच्या नाकपुड्या बोळे घालून बंद केल्या. असे मासे नदीच्या दुफाट्यावर चुकले, नाक उघडं असलेले बहुतांश आपापल्या ओढ्यात गेले. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथल्या मातीचा, शेवाळाचा, झाडापाल्याचा म्हणून एक वास असतो आणि पिल्लू तो वास घेऊनच समुद्रात जातं.

आता पहिला प्रश्न. आपल्याकडे कोकणात मृगाच्या सरी कोसळल्या, ओढ्यांना लोंढा आला की चढणीचे मासे सुरू होतात. पाण्याच्या उलट्या दिशेने थेट भातखाचरापर्यंत येतात आणि तिथेच वीण. चढण आणि वीण यांत अंतर फार तर काही दिवसांचं, त्यामुळे त्या घाईचं कारण कोणी विचारत नाही. वसंतातल्या सॅमनच्या चढणीत आणि विणीत मात्र अख्खा उन्हाळा जातो. तेवढे महिने समुद्रात थांबला असता तर त्याने आणखी खाल्लं असतं, आणखी वाढला असता, मादीने जास्त अंडी घातली असती. हे सगळं सोडून तो रिकाम्यापोटी नदीत येऊन बसतो. साठवलेल्या चरबीवर जगतो आणि वीण उरकेपर्यंत शरीरातली निम्म्याहून अधिक ऊर्जा जाळून टाकतो.

याचं उत्तर मोठ्या नदीत सापडत नाही, तिच्या अगदी वरच्या, लहान फाट्यांवर सापडतं. ॲबरडीनला समुद्राला मिळणारी डी नदी घ्या. बॅलेटर गावाच्या वर तिला गिर्नोक नावाचा ओढा मिळतो. पाणलोट जेमतेम तीस चौरस किलोमीटर. आपल्याकडचा एखादा मध्यम ओढा डोळ्यांसमोर आणा. इथे १९६६ पासून सापळे लावून वर जाणारा मोठा मासा आणि खाली जाणारं पिल्लू मोजतात, खवले तपासतात. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. नदीतली वर्षं दाटीवाटीची, समुद्रातली ऐसपैस. गिर्नोकसारख्या वरच्या ओढ्यांत विणीला येणारे मासे प्रामुख्याने वसंतातले असतात. माशांना रेडिओ बसवून माग काढला तेव्हाही हेच दिसलं, की समुद्रातून सगळ्यात आधी आलेले सगळ्यात दूर, उंचावर जातात. शरदात आलेले खालच्या टप्प्यांत राहतात.

दूर जायचं तर आधी निघावं लागतं, हे झालंच. पण अडचण केवळ अंतराची नसते. लहान नदीत पाणी रोज सारखं नसतं. धबधब्याची एखादी पायरी ठरावीक पाणी असलं तरच चढता येते. उन्हाळ्यात ओढा आटून गोट्यांवरून झिरपतो, तेव्हा दहा किलोचा मासा वर जाणार कसा? बर्फ वितळून वाहणारं वसंतातलं पाणी ही खात्रीची वाट. ती पकडायची, वरच्या खोल डोहात जाऊन दगडाच्या आडोशाला बसायचं आणि वाट बघायची. वर पाणी थंड, अंडी उबायला वेळ लागतो, म्हणून वीणही तिथे लवकर होते. शिवाय ही लवकर येण्याची खोड बऱ्याच अंशी रक्तातून उतरते. समुद्रात किती हिवाळे काढायचे, याच्या उलगड्यात तर २०१५ मध्ये एक मोठं पाऊल पडलं. त्यातल्या फरकापैकी सुमारे ३९ टक्के वाटा ‘व्हीजीएलएल-३’ नावाच्या एकाच जनुकाच्या परिसराचा निघाला. इतक्या गुंतागुंतीच्या सवयीमागे एका जनुकाचा एवढा हात असावा, हे जीवशास्त्रात क्वचित दिसतं.

म्हणजे ‘वसंतातला सॅमन’ हा केवळ लवकर उगवलेला पाहुणा नव्हे. तो वरच्या ओढ्यांचा रहिवासी आहे. ते ओढे बिघडले की नेमका तोच संपतो.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडच्या सदरलँडमधल्या एका छोट्या नदीवर मार्चअखेरीस मी एका गिलीबरोबर दिवस काढला. गिली म्हणजे नदीवरचा वाटाड्या, शिक्षक आणि वेळप्रसंगी तुमची टर उडवणारा माणूस. मी उत्साहाने फ्लायची डबी उघडली, तर त्याने आधी खिशातून दोरी बांधलेला थर्मामीटर काढून पाण्यात सोडला. साडेचार अंश. मग डबीतल्या माझ्या नाजूक, सुंदर फ्लाय त्याने बाजूला सारल्या आणि पितळी नळीवर काळे, पिवळे, नारिंगी केस बांधलेली जडशी ‘विली गन’ लावून दिली. तिथल्याच ब्रोरा गावाकडच्या एका शिकार-रक्षकाचं नाव आहे हे.

त्या साडेचार अंशांत सगळं आलं. मासा थंड रक्ताचा. पाणी गार तसे स्नायू सुस्त. पाणी साधारण पाच-सहा अंशांच्या खाली असलं की सॅमन धबधबा चढत नाही, खालच्याच डोहात थबकतो. हेल्म्सडेल नदीवरचा किल्डोनन धबधबा हा असाच, दगडाइतकाच तापमानाचाही बांध. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला गिली खालच्या डोहांवर नेतो आणि पाणी उबदार झालं की वरच्या. गारठलेला मासा फ्लायमागे लांब धावतही नाही. म्हणून ती मोठी, जड हवी, त्याच्या नाकासमोरून सावकाश न्यायला हवी. पाणी दहा अंशांच्या पुढे गेलं की सगळं उलटतं. तरंगती दोरी, इंचाहून लहान फ्लाय, पृष्ठभागालगत. डी नदीवर केर्नटन इथे ए. एच. ई. वुड या गृहस्थांनी दोरीला चरबी चोळून ती तरंगती ठेवायची पद्धत बसवली आणि १९१३ ते १९३४ या काळात ३,४९० सॅमन पकडले. हवा पाण्यापेक्षा उबदार आहे की गार, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. संख्या वाचून कौतुक करावं की हळहळावं, कळत नाही.

लहान नदीवर फेकायचं कसं, हीही गंमत आहे. नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते दोरीला ओढून नेतं. फ्लाय पिसासारखी हलकी, म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेलं असतं. काठी पुढे आणून एकदम थांबवली की दोरीचा फास पुढे उलगडत जातो. हलणारा भाग आखूड होत जातो, ऊर्जा मात्र त्यातच राहते, म्हणून टोकाचा वेग वाढतो. आसूडाचं टोक असंच कडाडतं. पण त्यासाठी दोरी आधी मागे फेकावी लागते आणि लहान नदीच्या काठाला मागे झाडी असते. माझी पहिली फ्लाय एका भूर्ज वृक्षाला लागली, दुसरीही त्यालाच. यावर स्पे नदीवरच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकातच तोडगा काढला होता. दोरी मागे फेकायचीच नाही. अंगाशेजारी तिचा अर्धगोल करायचा आणि शेवटची काही हात दोरी पाण्याला टेकू द्यायची. पाणी ती धरून ठेवतं, त्या पकडीने काठी वाकते, आणि पुढचं काम वाकलेली काठी करते.

शिवाय मासा तुम्हाला बघत असतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्याखालून बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत दिसतं. मासा एक मीटर खोल असेल तर खिडकीचा व्यास सव्वादोन मीटर. क्षितिजालगतच्या वस्तू तिच्या कडेला दबून, चपट्या होऊन दिसतात. पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या कोनाखाली असलेल्या तर जवळपास पुसल्याच जातात. पाण्यापासून दीड मीटर उंच माणूस नऊ मीटरवर असला की नेमका त्या सीमेवर येतो. मोठ्या नदीत हे अंतर सहज राखता येतं. आठ-दहा मीटर रुंद ओढ्यात मात्र गुडघ्यांवर रांगत जावं लागतं, आणि इस्टेटीचे भारदस्त मालकही मग रांगतात.

तर दुसरा प्रश्न: तो तोंड का लावतो? खरं उत्तर माशालाच ठाऊक. भूक नसते हे नक्की. पिंजऱ्यात पाळलेले सॅमनसुद्धा प्रजननाच्या वाटेला लागले की समोर अन्न असूनही खाणं कमी करतात, म्हणजे हा बदल आतून होतो. काही म्हणतात राग: आपल्या जागेत कोणी घुसलं की हाकलायचं. काही म्हणतात कुतूहल, कारण माशाला हात नसतात, वस्तू तपासायची तर तोंडानेच. मला पटतो तो तिसरा अंदाज. जन्मानंतरची दोन-तीन वर्षं हा मासा याच प्रवाहात उभा राहून वरून येणारा किडा पकडत होता. भूक गेली तरी तो झटका मज्जातंतूंत शिल्लक असणार. समुद्रातून नुकता आलेला मासा फ्लायला जास्त लागतो आणि डोहात महिनोन्महिने बसलेला जवळजवळ दगड होतो, हे यातल्या कुठल्याही अंदाजाशी जुळतं, त्यामुळे वाद मिटत नाही.

लागलाच, तर एकदम हिसका द्यायचा नाही. मासा फ्लाय घेऊन वळतो, तेवढं थांबायचं, म्हणजे आकडा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आणि मग त्याला सोडून द्यायचं. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलच्या आधी गळाला लागलेला प्रत्येक सॅमन नदीत परत सोडावा लागतो, असा २०१५ पासून कायदा आहे. डी नदीवर लोक १९९० च्या दशकापासूनच तसं करत आले आहेत. इथे थंड पाणी माशाच्या बाजूचं असतं. त्यात प्राणवायू भरपूर आणि माशाची गरज कमी, म्हणून पाण्याबाहेर न काढता सोडलेला मासा बहुधा जगतो. पाणी वीस अंशांवर गेलं की शहाणे लोक काठी गुंडाळतात.

तरीही मासा कमी होतोय. स्कॉटलंडमध्ये गळाला लागलेल्या सॅमनच्या नोंदी १९५२ पासून आहेत आणि २०२३ चा आकडा तोवरचा सर्वांत खालचा होता. त्याच वर्षी आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेने ग्रेट ब्रिटनमधल्या सॅमनला ‘धोक्यात’ या वर्गात टाकलं. घात मुख्यतः समुद्रात होतो. गेलेल्या शंभर पिल्लांपैकी परतणारी हल्ली जेमतेम पाचेक. समुद्राला आवर घालता येत नाही, म्हणून डीच्या वरच्या फाट्यांवर लोक झाडं लावत सुटले आहेत. उघड्या माळावरचा ओढा उन्हाळ्यात तापतो, आणि सावलीने दोन-तीन अंश उतरले तरी डोहात बसलेल्या उपाशी माशाला आणि गोट्यांतल्या पिल्लाला तेवढे पुरतात.

त्या दिवशी मला काय मिळालं, ते सांगायचं राहिलं. दुपारनंतर ऊन पडलं, पाणी सहावर आलं आणि गिलीने लहान फ्लाय बांधू दिली. खालच्या डोहात एक मोठा सॅमन दोनदा पाठ दाखवून गेला. त्याच्यावरून मी तासभर फ्लाय नेली, त्याने कल्ला हलवला नाही. मग दोरीला बारीक टुकटुक जाणवली. ओढून बघतो तर माझ्या तळहाताएवढं पिल्लू, अंगावर बोटांच्या ठशांसारखे काळसर डाग, आणि तोंडात त्याच्या डोक्याएवढी फ्लाय. गिली हसला. ओल्या हाताने आकडा काढून त्याने ते पाण्यात सोडलं. दुसऱ्या फेकीला पुन्हा टुकटुक.