नाडी लागत होती, तरीही

संक्रांतीला येवल्याला आत्याकडे गेलो होतो. दिवस मावळताना आतेभावाचा नऊ वर्षांचा मुलगा आसारी, म्हणजे पतंगाच्या मांज्याची चक्री, हातात घेऊन मागे सरकत सरकत गच्चीवरून खाली आला. मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली. घरच्यांनी आधी गाठलं हाड बसवणाऱ्याला. त्यानं लेप थापला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि पट्टी अशी करकचून आवळली की तासाभरात बोटं टम्म फुगली. पोर कळवळत होतं. “अरे, हाड मोडलंय, दुखणारच,” आत्या म्हणाली. मलाही ते पटलं. पण जरा वेळानं त्याचं एक बोट सरळ करायला गेलो, तर तो किंचाळलाच. तेव्हा नाशिकसाठी गाडी काढली.

मोडलेल्या ठिकाणी नव्हे, तर बोट ताणल्यावर दुखणं, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोटं हलवणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि ते फॅशिआ नावाच्या चिवट पडद्याच्या कप्प्यांत ठासून भरलेले असतात. इथे असे तीन कप्पे, पोटरीत चार. हा पडदा जवळजवळ ताणतच नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, सूज येते, पण जागा तेवढीच. वरून घट्ट पट्टी असेल तर उरलीसुरली फटही गेली.

आता गोदावरी आठवा. गंगापूर धरणातून विसर्ग चालू आहे, दोन्ही काठांना भिंती आहेत आणि खाली कुणीतरी पाण्याची वाट बुजवली आहे. पाणी नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागत जाणार. कप्प्यात हेच होतं. शिरांच्या भिंती पातळ, त्यांतला दाब कमी, म्हणून आधी त्या चपट्या होतात. धमनी मात्र ताकदीनं रक्त आत ढकलत राहते. येणारं येतंय, जाणारं अडलंय. मग केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो, त्यानं दाब आणखी वाढतो, त्यानं शिरा आणखी दबतात. एरवी कप्प्यातला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आत असतो. बीपीचा खालचा आकडा आणि हा दाब यांतलं अंतर ३० च्या खाली गेलं, की सर्जन सुरी हातात घेण्याचा विचार करतात. समजा खालचा आकडा ७० आणि कप्प्यात ४५, तर अंतर २५. केशवाहिन्यांतून रक्त जेमतेम सरकतंय, आणि मनगटावर नाडी मात्र छान लागते! कारण वरच्या १२० च्या दाबाला ४५ चा अडसर किरकोळ. ‘नाडी लागतेय ना, मग काळजी नाही’ हे म्हणणं इथे हात घालवू शकतं.

हात उशांवर उंच ठेवणंही अशा वेळी उलटतं, कारण त्यानं आत येणारं रक्त आणखी कमी होतं. हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा.

साधारण सहा तास असेच गेले तर स्नायू मरू लागतो. त्याच्या जागी आखडणारा व्रणपेशींचा दोर तयार होतो आणि बोटं पंजासारखी वळून बसतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांचं बोट घट्ट पट्ट्यांकडेच होतं. हे टाळायचं तर आधी पट्टी सोडायची. तेवढ्यानं दाब उतरला नाही, तर मग उपाय एकच, कातडी आणि फॅशिआ लांबवर चिरून कप्पा उघडायचा आणि जखम काही दिवस तशीच उघडी ठेवायची.

हाड बसवणाऱ्यांचे ‘गुण आलेले’ रुग्ण गावोगाव भेटतात. येणारच! हाड स्वतःच जुळतं, लहान मुलांचं तर थोडं वाकडं जुळलं तरी वाढताना बरंचसं सरळ होतं. श्रेय लेपाला मिळतं.

नाशिकच्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी कात्री घेतली आणि पट्टी आतल्या कापसासकट टराटरा कापली. पंधरा मिनिटांत पोराचं रडं हुंदक्यांवर आलं. चिरावं लागलं नाही. रात्रभर दर तासाला सिस्टर यायच्या, त्याची बोटं एकेक करून सरळ करायच्या आणि बोटांकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या. हाड दुसऱ्या दिवशी दुपारी बसवलं.