पाच मिनिटांच्या कामाला परांचीचे पैसे का?

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजारकडची जुनी घरं असोत नाहीतर अलकापुरीतले फ्लॅट, फोन असाच येतो, "छज्ज्यावरचा एकच पाइप बदलायचाय हो, माणूस दोर बांधून सोडा ना, पालख कशाला?" (पालख म्हणजे परांचीच, आमचे कारागीर गुजराती आहेत.) म्हणून हा कागद छापलाय.

दहा फुटांवरून माणूस पडला तर खाली यायला पाऊण सेकंद लागतो आणि आपटताना वेग असतो ताशी 27-28 किलोमीटर, म्हणजे काही धरायला वेळच मिळत नाही. आणि दहा फूट म्हणजे फक्त एक मजला.

सगळ्यात फसवे पत्रे. सिमेंटचे जुने पत्रे वरून मजबूत दिसतात पण आतून ठिसूळ झालेले असतात, आणि उजेडासाठी मधे बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धुळीने इतका काळा पडतो की ओळखूच येत नाही. आमचा एक कारागीर असाच आरपार गेला. काम संपलं होतं खरं, पण मालक म्हणाले वर आहातच तर तेवढा पतंग पण काढा, हा चार पावलं पुढे गेला. खाली पोत्यांची थप्पी होती म्हणून हातावर निभावलं. तेव्हापासून फळ्या टाकल्याशिवाय आम्ही पत्र्यावर पाय ठेवत नाही. उत्तरायणानंतर मांजा, पतंग काढून हवे असतील तर आधीच सांगा, कामात धरू, ऐनवेळी वर हाक मारू नका प्लीज.

दोराचं म्हणाल तर तो कशाला बांधलाय यावर सगळं आहे. टाकीचा पाइप, डिशचा खांब, गच्चीची जाळी, यातलं काहीच पडत्या माणसाचा झटका झेलत नाही. कमरेचा पट्टाही नको, आयएस 3521 चा (भारतीय मानकाचा) मार्क असलेला पूर्ण अंगाचा हार्नेसच, म्हणजे खांदे-मांड्यांनाही धरणारा पट्ट्यांचा साज, लागतो. त्यात लटकलेल्या माणसाचंही रक्त पायात साठायला लागतं, त्याला लगेच खाली घ्यावं लागतं, म्हणून एका माणसाच्या कामाला दोन माणसं येतात आणि बिलात दोन मजुऱ्या दिसतात.

शिडीचं काम असेल तर बारा फुटांवर टेकवलेल्या शिडीचे पाय भिंतीपासून तीन फूट लांब लागतात, तेवढी जागा ठेवा.

पाऊस आला की ओल्या छज्ज्यावर काम बंद, त्यामुळे वॉटरप्रूफिंग मे महिन्यातच उरकलेलं बरं. आणि हो, खालची स्कूटर आदल्या रात्रीच हलवा, सकाळी चावी शोधण्यात अर्धा तास जातो.