तिसऱ्या भोकामागे वायर आहे का? सॉकेट, अर्थिंग आणि जॉइंटची जुनी भानगड

घराचं वायरिंग नव्याने करायचं निघालं की चर्चा कशावर होते, तर प्लेट पांढरी घ्यायची की ग्रे, स्विच मॅट का ग्लॉसी, आणि यूएसबीवालं सॉकेट बेडजवळ हवं का. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत दहा मिनिटं उभं राहून ऐका, गिऱ्हाईक याच भाषेत बोलतं. प्लेटच्या मागे काय आहे ते कोणी विचारत नाही. आणि आपल्याकडच्या विजेच्या सामानाचा सगळा इतिहास तर प्लेटच्या मागेच आहे, तो थोडा माहीत असला की काय घ्यायचं आणि काय नाही हे बरंचसं आपोआप कळतं.

सुरुवातीला वीज म्हणजे दिवा, बाकी काही नाही. मुंबईत १९०५ मध्ये ट्राम आणि वीजपुरवठ्याची कंपनी निघाली, १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, पण घरात वीज आली तरी ती छताला लटकणाऱ्या एका होल्डरपुरती. त्यामुळे जगभर पहिली उपकरणं या दिव्याच्या होल्डरमधूनच करंट घ्यायची. अमेरिकेत हार्वे हबेलने १९०४ मध्ये काढता-घालता येणाऱ्या प्लगचं पेटंट घेतलं, त्यातही अर्धा भाग दिव्याच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा आणि उरलेला अर्धा ओढून काढायचा. आपल्याकडे होल्डरमध्ये अडकवायचा दोन पिनी अडॅप्टर अजूनही फूटपाथवर मिळतो, जत्रेत आणि मांडवात तर हमखास दिसतो. यात अर्थचा प्रश्नच नाही, दोन वायरी आल्या आणि दोन गेल्या.

अर्थिंगची, म्हणजे वस्तूची बॉडी वायरीने जमिनीला जोडायची, गरज पडली ती लोखंडी बॉडीच्या वस्तू घरात आल्यावर, म्हणजे इस्त्री, हीटर, नंतर फ्रिज आणि गीझर. आतली फेज (करंट आणणारी वायर) सुटून बॉडीला टेकली की ती वस्तू बाहेरून अगदी शांत दिसते आणि हात लावला की झटका. ब्रिटनमध्ये तेव्हा प्रत्येक कंपनीच्या पिनांचं माप वेगळं, तो गोंधळ आवरायला १९३४ मध्ये बीएस ५४६ नावाचं स्टँडर्ड आलं: गोल पिना, तीन पिना, आणि २, ५, १५, ३० अँपिअर अशी चार मापं. आज आपल्या भिंतीवर जे लहान आणि मोठं सॉकेट आहे ते त्याच ५ आणि १५ चं वंशज, फक्त आयएस १२९३ या आपल्या भारतीय स्टँडर्डमध्ये त्यांना ६ आणि १६ म्हणतात.

या डिझाइनमध्ये डोकं लावलेलं आहे बरं का. वरची अर्थची पिन जाड आणि लांब का, तर जाड असल्यामुळे ती चुकूनही फेजच्या भोकात जात नाही, आणि लांब असल्यामुळे टॉप (प्लग) घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जातो आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतो. शटरवालं सॉकेट असेल तर तीच लांब पिन आधी आत जाऊन खालची दोन भोकं उघडते, म्हणजे लहान पोराने खालच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घातला तरी तो आत जात नाही. पिनेला मधोमध चीर असते तीही शोभेची नाही, तिच्यामुळे पिन स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि आतल्या पितळेला घट्ट चिकटते. समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर), वर अर्थ. हे पाठ असायला हवं, पण अर्ध्या बोर्डांत उलटं लावलेलं सापडतं.

मग खुद्द इंग्रजांनी हे सोडून चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा टॉप का घेतला? दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये तिथे कमिटी बसली, युद्धानंतर लाखो घरं बांधायची होती आणि तांबं महाग. म्हणून त्यांनी रिंग सर्किट काढलं, एकच वायर सगळ्या सॉकेटांमधून गोल फिरवून परत बोर्डावर आणायची, आणि एवढ्या मोठ्या सर्किटवर उपकरणाच्या बारीक वायरीचं संरक्षण व्हावं म्हणून प्रत्येक टॉपमध्येच फ्यूज टाकला. बीएस १३६३ आलं १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी. आपण त्या वाटेला गेलो नाही, गोल पिनाच धरून राहिलो. मला विचाराल तर त्यात चुकीचं काही नव्हतं, आपलं वायरिंग बोर्डावरून एकेक लाईन काढायचं आहे, त्याला टॉपमधला फ्यूज लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतही १५ चं गोल पिनांचं सॉकेट असंच टिकलं.

खरी गडबड दुसरीकडे झाली. सॉकेटला तीन भोकं आली, पण तिसऱ्या भोकापर्यंत वायर ओढायचा खर्च कोणी करायचा? जुन्या वाड्यात, चाळीत वायरिंग आधी सागवानी केसिंग पट्टीतून, नंतर बॅटन पट्टीवर क्लिपा मारून. त्यात दिव्याच्या दोन वायरी, आणि अर्थ घेतलाच तर चौदा नंबरची उघडी तांब्याची तार बाजूने ओढलेली. बऱ्याच ठिकाणी तीही नाही, मग वायरमन काय करायचा, जवळच्या नळाच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्प मारून मोकळा व्हायचा. तेव्हा ते चालून जायचं, कारण पाइप थेट जमिनीत. पुढे प्लंबिंग बदललं, पीव्हीसी-सीपीव्हीसी आलं, अर्थ गेला आणि कोणाला कळलंही नाही, कारण अर्थ गेल्यावर काहीच बंद पडत नाही. दिवा लागतो, फ्रिज चालतो, सगळं मस्त.

त्याहून वाईट म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थचा स्क्रू एका तुकड्याने जोडून देणे. टेस्ट लॅम्प लावला की फेज-अर्थमध्ये लख्ख पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की चालू असलेल्या उपकरणातून फेज फिरून येते आणि त्या तुकड्यातून मशीनच्या बॉडीवर. अशा घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला तर तो लगेच ट्रिप होतो, होणारच, न्यूट्रलचा करंट अर्थमध्ये पळतोय ना. मग वायरमन म्हणतो "साहेब हा पीस फॉल्टी आहे, सारखा उडतोय", आणि तो काढून लाईन डायरेक्ट करून टाकतो. खेड्यात याचा आणखी एक भाऊ आहे, लाईनचा न्यूट्रल गेला की फेज आणि अर्थच्या सळईवर बल्ब पेटवायचा. बल्ब पेटतो खरा, पण त्या सळईच्या आसपासची ओली जमीन आणि तिला जोडलेली घरातली सगळी लोखंडी बॉडी यांचा भरवसा राहत नाही.

आता अर्थची वायर शेवटी जिथे जाते त्या जमिनीतल्या खड्ड्याकडे. आयएस ३०४३ हा अर्थिंगचा कोड १९६६ चा, सुधारून १९८७ आणि मग २०१८ मध्ये आला. आपण पिढ्यानपिढ्या ऐकलं ते कोळसा-मीठ अर्थिंग: अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा ६०० बाय ६०० मिलिमीटरची प्लेट, भोवती लोणारी कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचं. कोळसा ओल धरतो, मीठ मातीचा रेझिस्टन्स कमी करतं. पण तेच मीठ पावसाने धुऊन जातं आणि जाता जाता जीआय खाऊन टाकतं. म्हणून काही वर्षांनी चेंबर उघडला तर वरचा नट हातात येतो. महाराष्ट्रात त्यात जमिनीचं दुखणं वेगळं, घाटावर खाली बेसॉल्टचा कातळ, कोकणात जांभा, दोन्ही करंटला नकार देणारे. काळी माती ओली असताना फार छान, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की रॉडपासूनच सुटते. आता केमिकल अर्थिंग म्हणून जे विकतात त्यात बहुतेक वेळा बेंटोनाइटसारखी ओल धरणारी पावडर आणि तांब्याचा मुलामा दिलेला रॉड असतो. हे मिठापेक्षा नक्कीच बरं, पण रॉड घेताना मुलामा किती ते विचारा, चांगल्या रॉडला २५० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि बाजारात नुसता तांबडा रंग मारल्यासारखेही रॉड आहेत ज्यांचा मुलामा ठोकतानाच सोलून निघतो.

आणि एक हिशोब बघा, कारण "आमचं अर्थिंग एकदम ओके आहे" म्हणणारे इथेच फसतात. समजा तुमच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स २० ओहम, गीझरच्या बॉडीला फेज टेकली, घराचा अर्थ फक्त त्या खड्ड्यावर. करंट किती, २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गीझरचा एमसीबी (करंट जास्त झाला की उडणारा स्विच) १६ अँपिअरचा. तो उडणारच नाही! बॉडी जिवंतच राहणार आणि मीटर फिरत राहणार. म्हणून खड्डा चांगला असला तरी आरसीसीबी लागतोच, तो जाणारा आणि येणारा करंट मोजतो आणि फरक ३० मिलिअँपिअर झाला की तोडतो. अमेरिकेत बर्कलीच्या चार्ल्स डॅलझिएल या प्राध्यापकाने माणसाचं शरीर किती करंट सहन करतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६१ मध्ये असं उपकरण बनवलं, तिथली घरगुती मर्यादा तर ५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवलेली आहे. आपल्याकडे नियमात हे आलं ते ५ किलोवॅट आणि त्यावरच्या कनेक्शनसाठी, त्यामुळे लहान घरं वर्षानुवर्षं त्याच्याशिवायच राहिली. ज्या जुन्या फ्लॅटमध्ये अर्थच नाही तिथे तर आरसीसीबी आधी बसवावा, कारण माणसाला करंट लागला तर तो अर्थच्या वायरीशिवायही उडतो.

राहिला जॉइंट. आयटीआयच्या वायरमन ट्रेडमध्ये ब्रिटानिया जॉइंट, मॅरीड जॉइंट, वेस्टर्न युनियन जॉइंट शिकवतात, यातली बरीचशी विद्या तारायंत्राच्या तारांवरून आलेली. पूर्वी हे जॉइंट पिळून झाले की कथिलाने झाळायचे आणि मग टेप. जुन्या व्हीआयआर (रबरी आवरणाच्या) वायरींना झाळणं सोपंही होतं, कारण रबरातलं गंधक तांब्याला खाऊ नये म्हणून तारेवर आधीच कथिलाचा मुलामा असायचा. पीव्हीसी आलं, मुलामा गेला, मग झाळणं गेलं, आणि उरलं काय, तर पीळ आणि काळी टेप. म्हणजे मूळ पद्धतीचा महत्त्वाचा भाग गळला आणि आळशी भाग परंपरा म्हणून टिकला.

मधे अॅल्युमिनियमचा काळ येऊन गेला. आपल्याकडे बॉक्साइट भरपूर, तांबं आयात, परकीय चलनाची बोंब, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकात घराघरात अॅल्युमिनियम वायर गेली. अॅल्युमिनियम तांब्याच्या ६१ टक्केच करंट वाहक, म्हणून एक साइज जाड घ्यावी लागते, ते ठीक, पण ते स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि हवेत त्याच्यावर न वाहणारा थर बसतो. स्क्रू सैल, जॉइंट गरम, अजून सैल. जुन्या बोर्डावरचं सॉकेट एका बाजूला पिवळं-तपकिरी झालेलं दिसलं ना, ते बहुतेक हेच. अमेरिकेतही १९६५ ते ७३ च्या आसपासच्या घरांत ही डोकेदुखी आहे. अशा घरात नवी तांब्याची वायर जुन्या अॅल्युमिनियमला नुसती पिळून जोडणं म्हणजे ओल लागली की गंज ठरलेला, त्याला बायमेटलिक लग (दोन धातूंचा जोडतुकडा) किंवा त्यासाठीच बनवलेला कनेक्टर लागतो.

कनेक्टरची गोष्ट बाहेर फार पुढे गेली. कॅनडात विल्यम मार याने १९१४ च्या सुमारास झाळायला न लागणारा चिनी मातीचा कनेक्टर काढला, त्यातून ती फिरकीची टोपी आली जी अमेरिकन वायरिंगमध्ये सगळीकडे दिसते. आपल्याकडे ती रुळलीच नाही, आपल्याकडे गीझरला दोन स्क्रूंचा पोर्सेलिन कनेक्टर आणि बाकी सगळीकडे पीव्हीसीची स्क्रूवाली पट्टी. जर्मनीत १९५१ मध्ये वागो कंपनी निघाली ती स्प्रिंगने वायर धरायच्या कल्पनेवर, आणि आज फॉल्स सीलिंगवाले जे लिव्हरचे छोटे कनेक्टर वापरतात ते त्याच घराण्यातले. चांगली चीज आहे, मी तरी टेपपेक्षा तेच सांगेन. फक्त नकली खूप आहेत. लिव्हर लावल्यावर वायर ओढून बघा, आणि कनेक्टरवर किती अँपिअर आणि किती स्क्वेअर एमएम ते छापलेलं नसेल तर परत द्या. सॉकेट घेताना खिशात लोहचुंबक ठेवा, आतल्या पत्तीला चिकटलं तर ते पितळ नव्हे, लोखंडावर पितळी पाणी मारलेलं आहे. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

आणि ते सगळ्या देशांचे टॉप बसणारं युनिव्हर्सल सॉकेट. चार्जरसाठी ठीक, पण भोकं मोठी असल्यामुळे ते कुठल्याच पिनेला नीट धरत नाही, १६ चं काम त्याला देऊ नका. त्यात जर्मन पद्धतीचा गोल टॉप आला की गंमत अशी, त्याच्या दोन पिना ४.८ मिलिमीटरच्या, आपल्या ६ अँपिअरच्या भोकात आरामात जातात, पण त्याचा अर्थ असतो टॉपच्या कडेच्या दोन पट्ट्यांवर आणि आपल्या सॉकेटला कडेला काहीच नाही. मशीन चालू होतं, अर्थ हवेत. बाहेरून आणलेला ओव्हन किंवा कॉफी मशीन असंच वर्षानुवर्षं चालतं. अशा मशीनचा टॉप कापून आयएसआय मार्कवाला १६ चा थ्री पिन लावून घ्यायचा, वॉरंटीवाला काय बोलायचंय ते बोलो.