दीडशे किलोटनांचा वाद

१९७४ साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला: जमिनीखालची अणुचाचणी १५० किलोटनांपेक्षा मोठी करायची नाही. ही मर्यादासुद्धा हिरोशिमाच्या बॉम्बच्या साधारण दहापट होती, हे जाता जाता सांगायला हवं.

पण समोरचा ती पाळतोय की नाही, हे कळणार कसं? मुख्य भिस्त भूकंपमापकांवर. स्फोटाच्या लहरी हजारो किलोमीटरवर पकडायच्या आणि त्यांच्या जोरावरून बॉम्बची ताकद ताडायची. अमेरिकेने त्यासाठी नेवाडातल्या आपल्याच चाचण्यांचं कोष्टक वापरलं. ते कझाकस्तानातल्या सेमिपालातिन्स्क या सोव्हिएत चाचणीस्थळाच्या नोंदींना लावलं, तर काही सोव्हिएत स्फोट मर्यादेच्या बरेच वर निघाले. १९८०च्या दशकात रेगन सरकारने करारभंगाचा ठपका ठेवला.

अनेक भूकंपशास्त्रज्ञांना मात्र ते पटत नव्हतं. नेवाडाखालचं प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा खडकांचा जाड थर, तापलेलं आहे, लहरींची बरीच ऊर्जा ते गिळून टाकतं. सेमिपालातिन्स्कखाली प्राचीन, थंड, कठीण खडक. हातोडा तोच, पण गादीवर मारला तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही आणि फरशीवर मारला तर तो भांडायला येतो. नेवाडाचं कोष्टक जसंच्या तसं लावल्याने सोव्हिएत स्फोट खऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठे भासत होते.

अखेर १९८८ मध्ये दोघांनी एकमेकांना घरात घेतलं. ऑगस्टमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ नेवाडात आले, सप्टेंबरमध्ये अमेरिकी पथक सेमिपालातिन्स्कला गेलं. स्फोटाच्या विवराशेजारी दुसरं भोक पाडून त्यात केबल सोडली होती. स्फोट होताच धक्कालहर केबल चिरडत जाते. वरून विजेचे स्पंद पाठवत राहिलं, की उरलेली लांबी क्षणाक्षणाला कळते. ती जितक्या वेगाने घटते, तितका स्फोट मोठा. या मोजमापाशी ताडून पाहता आलं की त्या खडकात किती किलोटनांना किती हादरा बसतो. १९९० मध्ये तपासणीचे नवे नियम जोडून करार अमलात आला.

माझ्या मते यात हेरगिरीपेक्षा भूगर्भशास्त्राचा वाटा मोठा. उत्तर कोरियाच्या २०१७च्या चाचणीचा हादरा जगभर नोंदला गेला, सहाहून अधिक तीव्रतेचा. तरीही तिच्या ताकदीचे अंदाज शंभरएक किलोटनांपासून अडीचशेच्या आसपास विखुरलेले आहेत. पुंग्ये-रीच्या डोंगरात स्फोट नेमका किती खोल झाला, यावर हे आकडे हलतात, आणि तिथे केबल सोडायला कुणाला बोलावलेलं नाही.