थांबलेली उलाढाल वेगळी, बुडालेला पैसा वेगळा

चाकण, पिंपरी किंवा रांजणगावच्या एखाद्या गाड्यांच्या कारखान्यात संप सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी एक गणित फिरायला लागतं. रोज इतक्या गाड्या निघत होत्या, एका गाडीची किंमत इतकी, गुणाकार करा, झालं रोजचं कोट्यवधींचं नुकसान. मग त्यात व्हेंडरांचं (सुटे भाग पुरवणाऱ्यांचं), वाहतूकदारांचं आणि डीलरांचं ‘नुकसान’ मिळवायचं आणि ती सगळी बेरीज पुण्याचं नुकसान म्हणून छापायची. व्यवस्थापनाला हा आकडा आवडतो, कारण त्यामुळे कामगार बेजबाबदार ठरतात. संघटनेच्या पुढाऱ्यांनाही तो आवडतो, कारण त्यातून संपाचा दणका मोठा दिसतो. दोघांच्याही सोयीचा असल्यामुळे तो तपासायला कोणी जात नाही. मला या आकड्याचा मनापासून राग येतो, कारण त्याच्या आड खरोखर मार खाल्लेली माणसं झाकली जातात.

उलाढाल म्हणजे काय हे पुणेकराला समजावायला नको. इथे प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी कंपनीत असतं, नाहीतर कंपनीला माल देत असतं. जेवढी बिलं फाटली तेवढी उलाढाल. संप, टाळेबंदी आणि ले-ऑफ यांचीही लोक सरमिसळ करतात, पण तो घोळ एका ओळीत मिटतो: कामगार काम थांबवतात तो संप, मालक गेट बंद करतो ती टाळेबंदी, आणि कच्चा माल किंवा ऑर्डर नाही म्हणून मालक कामगाराला बसवून ठेवतो तो ले-ऑफ. यातला ले-ऑफ तेवढा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खरा घोळ थांबलेल्या उलाढालीला बुडालेला पैसा समजण्यात आहे, आणि तो दोन ठिकाणी होतो. पहिला मोजणीत.

एक मोटारसायकल घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. कारखान्यातून निघताना तिची किंमत 1 लाख रुपये. त्यातले 70 हजार बाहेरून आलेल्या सुट्या भागांचे, आणि त्या 70 हजारांतले 40 हजार स्टील, अॅल्युमिनियम, रबर अशा मालाचे. डीलर ती 1 लाख 10 हजारांना विकतो. संपामुळे ही एक गाडी बनली नाही. आता प्रत्येकाला विचारत जा. कंपनी म्हणते, माझे 1 लाख गेले. व्हेंडर म्हणतो, माझे 70 हजार. स्टीलवाला म्हणतो 40 हजार, डीलर म्हणतो 1 लाख 10 हजार. बेरीज 3 लाख 20 हजार. गाडी एकच, ग्राहक तिचे 1 लाख 10 हजारच देणार होता, आणि ‘नुकसान’ मात्र त्याच्या जवळपास तिप्पट. कारण स्टीलचे 40 हजार चार जणांनी चार वेळा मोजले. बातम्यांतले प्रचंड आकडे बहुतेक वेळा असेच फुगतात.

शिवाय प्रत्येकाने आपलं बिल सांगितलं, आपला तोटा सांगितलाच नाही. गाडी बनली नाही म्हणजे कंपनीने सुटे भागही घेतले नाहीत, त्यांचे पैसेही दिले नाहीत, संपावरच्या कामगाराचा पगारही दिला नाही. तिच्या खिशातून खरोखर जातो तो त्या गाडीवरचा नफा, आणि कारखाना बंद असतानाही न थांबणारा खर्च: कर्जाचं व्याज, घसारा (यंत्रांची झीज), अधिकाऱ्यांचे पगार, विजेचा स्थिर आकार.

अमेरिकेतल्या मोटार कामगारांचा 2023 चा संप यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण तिथे कंपन्यांना दोन्ही आकडे जाहीर करावे लागले. 15 सप्टेंबर 2023 ला युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला. तो सुमारे सहा आठवडे चालला. स्टेलँटिसने सांगितलं की तिचा सुमारे 3 अब्ज युरोंचा महसूल हुकला. त्याच वेळी नफ्यावरचा परिणाम सांगितला 75 कोटी युरोंपेक्षा कमी. कंपनी तीच, संप तोच, आणि एक आकडा दुसऱ्याच्या चौपट. मथळ्यात कोणता गेला असेल ते सांगायला नको.

दुसरा घोळ वेळेचा. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा हाच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्ड बंद राहिलं तर झेंडू सडतो, तो पैसा कायमचा गेला. मोटारसायकल सडत नाही. जुलैत न बनलेली गाडी सप्टेंबरात बनते: तिसरी शिफ्ट लागते, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लाईन चालते, ओव्हरटाइम होतो. संपाच्या महिन्यात पडलेला खड्डा पुढच्या दोन-तीन महिन्यांत बराचसा भरून निघतो. अमेरिकेच्या सरकारी आकड्यांत हे उघड दिसतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मोटारी आणि सुट्या भागांचं उत्पादन 10 टक्क्यांनी घसरलं, आणि लगेच नोव्हेंबरात 7.1 टक्क्यांनी वर आलं. या उद्योगातला रोजगार ऑक्टोबरात 33 हजारांनी कमी दिसला, नोव्हेंबरात 30 हजारांनी वाढला. ज्या तिमाहीत हा संप मिटला, त्याच तिमाहीत तिथली अर्थव्यवस्था वार्षिक 3 टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली. संपाच्या काळात एका सल्लागार संस्थेचा 10 अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या नुकसानीचा अंदाज जगभर गाजला होता. नोव्हेंबरातली भरपाई मात्र फारशी कुठे गाजली नाही.

आपल्याकडे हे तपासायचं असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून बघा. सियाम ही उत्पादकांची संघटना कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्या मोजते. फाडा ही डीलरांची संघटना ग्राहकाच्या नावावर नोंद झालेल्या गाड्या मोजते. संपाचा फटका पहिल्या आकड्यात लगेच दिसतो. दुसऱ्यात तो उशिरा दिसतो, आणि डीलरच्या गोदामात माल भरपूर असेल तर दिसतही नाही. 2024 च्या सणासुदीच्या तोंडावर फाडानेच सांगितलं होतं की प्रवासी गाड्यांचा 80 ते 85 दिवसांचा साठा डीलरांकडे पडून आहे. अशा वेळी एखाद्या कारखान्यात महिनाभर संप झाला असता तर शोरूममध्ये गाडी कमी पडली नसती, उलट डीलरच्या डोक्यावरचं व्याज थोडं हलकं झालं असतं. त्या महिन्याचं उत्पादन गुणिले किंमत हे ‘नुकसान’ म्हणून छापणं तेव्हा सरळ चूक ठरलं असतं.

याचा अर्थ संपात काहीच बुडत नाही असा मुळीच नाही. तसं म्हणणाऱ्यांशीही माझं तेवढंच भांडण आहे. कारखाना आधीच तिन्ही शिफ्टमध्ये पूर्ण क्षमतेने चालत असेल तर राहिलेली गाडी भरून काढायला जागाच नसते. दसरा-दिवाळीचा किंवा पाडव्याचा मुहूर्त गाठणारा ग्राहक थांबत नाही, दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन मोकळा होतो. निर्यातीची बोट चुकली तर परदेशातला गिऱ्हाईक दुसरीकडे वळू शकतो. हे पैसे कंपनीच्या हातून खरोखर जातात. फक्त इथेही कोणाचे गेले ते विचारायला हवं. बजाजची पल्सर मोटारसायकल मिळाली नाही म्हणून कोणी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली, तर तोटा बजाजचा. ती दुसरी गाडी परराज्यात बनली असेल तर पुण्याचाही. देशाच्या हिशेबात मात्र गाडी विकली गेलीच.

बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातला 2013 चा संप अनेकांना आठवत असेल. 25 जूनला सुरू झाला, 13 ऑगस्टला मिटला, पन्नास दिवस चालला. तिथल्या विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत प्रत्येक कामगाराला 1 रुपया दराने 500 शेअर देण्याची मागणी होती, तिचीच चर्चा जास्त झाली. त्या आर्थिक वर्षात कंपनीच्या एकूण गाड्यांची विक्री घटली, त्याला मंदावलेली बाजारपेठही कारण होती. तरी निव्वळ नफा आधीच्या वर्षाच्या 3,044 कोटींवरून 3,243 कोटींवर गेला. संपामुळे नफा वाढला असं कोणी म्हणू नये, घसरलेला रुपया आणि निर्यात यांचा त्यात वाटा होता. पण पन्नास दिवसांच्या बंद लाईनचा गुणाकार करून जे आकडे सांगितले जातात, ते वर्षअखेरच्या ताळेबंदात शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. संघटनेने संप मागे घेतला तेव्हा कामगारांच्या हातात पगारवाढीचा करार नव्हता. त्यांच्या ताळेबंदात ते पन्नास दिवस नक्की सापडले असते.

मग पैसा खरोखर बुडतो कोणाचा? ज्याच्याकडे विकायला फक्त आजचा दिवस आहे, त्याचा. कालची मजुरी उद्या विकता येत नाही.

कायम कामगाराचा संपातला पगार जातो. ‘काम नाही, वेतन नाही’ हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पण त्याला पुढे आशा असते: तीन वर्षांचा करार झाला की वाढीव पगाराचा मागच्या तारखेपासूनचा फरक मिळतो, ओव्हरटाइम मिळतो. अमेरिकेतल्या संघटनेकडे संपनिधी होता आणि त्यातून प्रत्येक संपकऱ्याला आठवड्याला 500 डॉलर मिळत होते. आपल्याकडे तो निधी म्हणजे पतसंस्थेचं कर्ज, भिशी, आणि बायकोचं गहाण पडलेलं सोनं.

कंत्राटी कामगाराचं काय? तो संपावर नसतो, संघटनेत नसतो, पण लाईन बंद म्हणून कॉन्ट्रॅक्टर त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगतो. करार झाल्यावर फरक मिळणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं. महिनाभराने लाईन सुरू होते तेव्हा त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा असतो. मोशी-चाकण पट्ट्यातल्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भातून आलेली अशी पोरं राहतात. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे थांबत नाहीत, आणि पोरगं गावी परतलं की खोलीवाल्याचं आणि मेसवालीचं उत्पन्नही थांबतं. तिने न बनवलेलं जुलैचं जेवण कोणी सप्टेंबरात दुप्पट जेवत नाही.

आता भोसरीतला छोटा वर्कशॉपवाला बघा. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन, सात-आठ माणसं, मोठ्या व्हेंडरकडून येणारं जॉब वर्क, म्हणजे त्याच्यासाठी मजुरीवर करायचं काम. संप लागला की वरून येणारं शेड्युल, म्हणजे मागणीचं वेळापत्रक, कमी होत होत शून्यावर येतं. त्याची उलाढाल नंतर येते, कधीकधी सगळीच्या सगळी येते. पण मशीनचा हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो, गाळ्याचं भाडं जातं, बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यावर व्याज चढतं, आणि हाताखालचा चांगला ऑपरेटर सोडून जाऊ नये म्हणून त्याला काम नसतानाही काहीतरी द्यावं लागतं. त्याचं खरं नुकसान एवढं: व्याज, भाडं आणि बसून दिलेला पगार. उलाढालीपुढे हा आकडा छोटा दिसतो, पण छोट्या गाळ्याला कुलूप लागायला तेवढा पुरतो.

इथे तो ले-ऑफ आठवा. पुरवठादाराच्या कारखान्यात काम नसल्यामुळे बसवलेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळावी अशी तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात होती. पण ती किमान 50 कामगार असलेल्या कारखान्यांना आणि वर्षभर नोकरी झालेल्यांना. भोसरीच्या गाळ्यातली सात-आठ माणसं त्यात बसत नाहीत. ज्यांचं नुकसान भरून निघणारं नाही, नेमकी तीच माणसं भरपाईच्या बाहेर.

आणखी एक गफलत, थोडक्यात. पगारवाढ झाली की तिचा खर्चही ‘संपाचं नुकसान’ म्हणून मोजला जातो. तो नुकसान नव्हे, तो मालकाच्या खिशातून कामगाराच्या खिशात गेलेला पैसा आहे, आणि तो बहुतांशी गावातच खर्च होतो. 29 नोव्हेंबर 2023 ला जनरल मोटर्सने सांगितलं की संपाने नफ्यातले 1.1 अब्ज डॉलर गेले आणि नव्या करारांचा एकूण खर्च 9.3 अब्ज डॉलर येईल. त्याच दिवशी भागधारकांकडून 10 अब्ज डॉलरचे शेअर परत विकत घेण्याची घोषणाही केली. भागधारकांकडे जाणाऱ्या त्या 10 अब्जांना कोणी नुकसान म्हटलं नाही.

‘संप करा, मग कारखाने जातील’ हे वाक्य पुण्यात नेहमी ऐकू येतं. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्या. कंपनीने 2017 च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, पुढे तीन वर्षं तिथून निर्यातीच्या गाड्या काढल्या, आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन बंद केलं. कंपनीला इथला बाजार जमला नव्हता, म्हणून कारखाना गेला. तिथल्या कामगारांचे, कॉन्ट्रॅक्टरांचे आणि त्या एका गेटवर अवलंबून असलेल्या पुरवठादारांचे पैसे पुढच्या तिमाहीत भरून निघाले नाहीत. 2023 मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला, पण मधल्या वर्षांच्या पगाराचं बिल कोणाच्या नावावर फाटलं नाही.